पाणी गटातला पंधरा नंबर

मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे आणि गेल्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास माझा मेंदू काचेच्या नळीत गेला. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो. तर माझी तब्येत उत्तम आहे, भूक चांगली लागते, आणि माझा जन्म एका प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर, लाकडाच्या भुशात झाला.

आम्ही वीस जण होतो. मला पंधरा नंबर मिळाला. पहिली दोन वर्षं आम्हाला काहीच काम नव्हतं, नुसतं म्हातारं व्हायचं होतं. ते मी मन लावून केलं.

मग संशोधन करणारी ताई आली. तिने आमचे दोन गट पाडले. पहिल्या दहांना रोज सकाळी एका वेलीचं चूर्ण पाण्यात कालवून नळीने पाजायचं. उरलेल्या दहांना, म्हणजे आम्हाला, त्याच नळीने नुसतं पाणी. पाणी मी स्वतःचं स्वतः पिऊ शकतो हे मी दोनदा चावून सांगितलं. उपयोग झाला नाही.

हे कशासाठी, तर मेंदूच्या गंजासाठी. सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी पडतं, लोखंड गंजतं, तसंच श्वास घेऊन घेऊन मेंदूही आतून झिजतो म्हणे. म्हणजे ज्या प्राणवायूवर जगायचं, तोच आपल्याला गंजवतो. मी श्वास घेणं चालूच ठेवलं. दुसरा पर्याय कुणी सुचवला नव्हता.

चूर्णाने हा गंज रोखला जातो आणि स्मरणशक्ती टिकते, असं पूर्वापार सांगतात. ताईच्या सरांचा त्यावर ठाम विश्वास होता. ते स्वतः रोज सकाळी दोन चमचे घेत आणि रोज सकाळी पिंजरे धुणाऱ्या मावशींना विचारत, "तुम्ही नवीन का?" मावशी तिथे एकोणीस वर्षं होत्या. "हो, आजच लागले," असं त्या सांगत आणि बादली उचलत.

परीक्षा हौदात व्हायची. पाणी गार आणि दुधाची पावडर टाकून पांढरं केलेलं. त्यात बोटभर खोल एक छोटा चौथरा लपवलेला. तो शोधून वर चढायचं. नव्वद सेकंदांत सापडला नाही, तर ताई हाताने नेऊन बसवायची आणि म्हणायची, "असू दे रे."

चूर्णवाल्यांना सरासरी चौतीस सेकंद लागले. आमच्या गटातल्या बाकीच्या नऊ जणांना अडतीस. मला सात.

माझं रहस्य सांगतो, मित्रांनो. मला त्या हौदाचा राग होता. पहिल्या दिवशी मला न विचारता पाण्यात सोडलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. राग स्मरणशक्तीला फार चांगला. अजून तो कुणी डब्यात भरून विकत नाही, एवढंच.

माझ्यामुळे चार सेकंदांचा फरक एकावर आला. सरांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"हा पंधरा नंबर मेलेला दाखव."

"सर, तो जिवंत आहे. तुमच्याकडेच बघतोय."

"म्हातारा आहे. आज ना उद्या मरणारच. आपण थोडं आधी लिहितोय."

सर गेल्यावर मावशी म्हणाल्या, "लिही की पोरी. कागदावर मेला की मी टाकायला म्हणून घरी नेते. माझ्या सासऱ्यांना सोबत होईल. तेही काही विसरत नाहीत. लग्नात कोणी पान वाढलं नाही ते अजून सांगतात."

हे मोठंच आमिष होतं. कारण ज्याचा आकडा धरायचा, त्याच्या मेंदूतला गंजही मोजावा लागतो, आणि तो बाहेरून मोजता येत नाही. म्हणजे कागदावर मेलो तर जगणार होतो, आणि कागदावर जगलो तर मरणार होतो.

ताई पिंजऱ्याजवळ स्टुलावर बसली. "मावशी, घरी बाबांना ते चूर्ण मीच देते. काल त्यांनी मला विचारलं, तू कुणाकडची गं. ते लागू पडावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल."

"मग?"

"मग काय. याला सात सेकंद लागले. मी पाहिलंय."

तिने माझ्या नंबरापुढे सात लिहिलं आणि सरांच्या टेबलावर कागद नेऊन ठेवला. सर म्हणाले, मग प्रयोग पुन्हा करावा लागेल, आणखी एक वर्ष जाईल. ती म्हणाली, जाऊ दे.

मंगळवारी तिने पिंजऱ्यात हात घातला. "सॉरी रे, आजोबा," ती म्हणाली. मला कुणी उचललं नाही. मी स्वतः चढलो, आणि वाटेत चावलो नाही. तेवढं तिच्यासाठी.

माझ्या मेंदूत गंज भरपूर निघाला, इतरांइतकाच. तरी चौथरा मला सापडत होता. का, ते त्यांनी शोधावं. तुम्ही एवढंच करा: घरातलं म्हातारं माणूस तोच प्रश्न पाचव्यांदा विचारेल, तेव्हा पाचव्यांदा उत्तर द्या. त्याला चूर्ण लागत नाही.

सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती की, यापुढे ज्या कोणास डब्यावर 'स्मरणशक्ती वाढवते' असे छापावयाचे असेल, त्याने प्रथम सदर हौदात स्वतः पोहून दाखवावे. मुदत नव्वद सेकंद. पाणी गारच असावे. निरीक्षक म्हणून अर्जदाराची नेमणूक करण्यात यावी. अर्जदार हयात नाही, हे कारण ग्राह्य धरू नये.