हार्ड की हार्डली

बाळाच्या नाकातून घरघर येत होती आणि दवाखान्यात दुपारी फोन उचलत नसत. काय असेल ते मेसेजवर कळवायचं, तेही इंग्रजीत. डॉक्टरांना दुसरं काही वाचता येत नव्हतं.

बाळाच्या आईचं शिक्षण कॉलेजपर्यंत झालेलं. विशेषणाला ‘ली’ जोडली की क्रियाविशेषण होतं, हे तिला तोंडपाठ. स्लो, स्लोली. क्विक, क्विकली. बाळ जोरजोरात श्वास घेतंय, जोरात म्हणजे हार्ड, म्हणून तिने त्यालाही ‘ली’ चिकटवली आणि पाठवून दिलं : माय बेबी इज हार्डली ब्रीदिंग.

“पाठवलंस?” सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाल्या. “काल नुसती शिंक आली तरी पाठवलं होतंस. कंटाळले असतील गं ते.”

“कंटाळू देत, आई. मागाहून हळहळण्यापेक्षा बरं.”

उत्तर येईना. ती बाळाच्या पोटाकडे टक लावून बसली. वर, खाली. वर, खाली. तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दारात नर्स उभी. तिच्यामागे ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस, घामाघूम.

नर्सने बाळाला झपकन उचलून छातीला स्टेथोस्कोप लावला. बाळाने त्याची नळी मुठीत धरून ओढली, आणि ती सोडवताच घर डोक्यावर घेतलं.

“बाळाचा दम तर चांगला दणदणीत आहे! श्वास जेमतेम चाललाय, असं तुम्हीच लिहिलंत ना?”

“जेमतेम? छे हो, जोरात!”

नर्सने मोबाइल पुढे धरला. बाळाच्या आईचंच वाक्य. यू हार्डली स्टडी, असं कॉलेजचे सर मागच्या बाकाला म्हणायचे आणि ते कुणालाही कौतुक वाटायचं नाही. सगळं माहीत होतं तिला. भीतीपोटी डोक्यातून साफ उडालं होतं.

“हार्ड लिहायला हवं होतं,” ती पुटपुटली. “त्याला ‘ली’ लागत नाही.”

“लागली ना ताई, म्हणून तर जिना चढलो,” सिलिंडरवाला भिंतीला टेकत म्हणाला.

“म्हणजे या घरात मी राबते हार्ड,” सासूबाई म्हणाल्या, “आणि ही हार्डली!”

नर्सला हसू फुटलं. बाळाच्या आईला नाही. “लांडगा आला रे आला झालं हे. उद्या खरंच काही झालं तर याल का हो तुम्ही?”

“येणारच. पण लिहीत बसू नका, व्हिडिओ काढा. पोट हलताना दिसू दे, आवाज ऐकू येऊ दे. आम्हाला तेवढं पुरतं.” नर्सने नाकात थेंब घातले आणि ते घालायचे कसे, हेही दाखवलं.

संध्याकाळी दवाखान्यातून विचारणा आली. बाळ कसं आहे? तिने लिहिलं, ब्रीदिंग गुड. मग ‘ली’ लावली. मग सगळंच खोडलं आणि झोपलेल्या बाळावर मोबाइल धरून व्हिडिओ सुरू केला. पोट वर, खाली. घरघर नव्हती.

“काय लिहिलंस?” सासूबाईंनी वाकून पाहिलं.

“शू! तुमचाही आवाज जाईल, आई,” ती म्हणाली. पण तोवर गेलाच होता.