वाळत घातलेली गाडी

सकाळी लॉन्ड्रीत पहिली वाफ उठते तेव्हा समोरचं माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. ताईला ती वेळ फार आवडायची. पांढऱ्या वाफेत ती चादरी झटकत उभी असायची, तोंडाने देवाचं काहीबाही गुणगुणत, आणि पलीकडे कुठेतरी धाकटी असायची. जणू देवाने या दोघी बहिणींना आभाळच धुवायला दिलंय आणि संध्याकाळपर्यंत परत मागितलंय.

त्या दिवशी वाफेतून धाकटी म्हणाली, "ताई, गाडी बघून आले मी."

"कोरी?"

धाकटीने आधी हातातली चादर झटकली.

"भाड्याने द्यायचे ती. आता कंपनी जुन्या गाड्या विकायला काढतेय."

"मग नको," ताई म्हणाली आणि चादरीची टोकं पुढे केली. धाकटीने ती धरली. चादरीची घडी घालताना दोघी जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात. त्यांची आयुष्यभराची भांडणं अशी घडीच्या तालावरच झालेली.

"अगं, ऐकून तरी घे."

"ऐकलं की. नको म्हटलं."

गाडी हवी होती ती दादासाठी. दादा दोघींहून मोठा. घाटापलीकडे, वहिनीच्या गावात राहायचा. थंडीत त्याला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. वहिनी रोज संध्याकाळी फोन लावून त्याच्या कानाशी धरायची. इकडून ताई दिवसभराचं सगळं सांगायची, आणि तिकडून एक 'आ' यायचा. तेवढ्यावर ताईची रात्र निघायची. पण अलीकडे तो 'आ' बारीक होत चालला होता, आणि डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, भेटणाऱ्यांना म्हणावं फार लांबवू नका.

जायचं कसं? घाटातला रस्ता एका बाजूने खचल्यापासून मोठी बस पायथ्याशीच थांबायची, आणि ताईच्या कंबरेपुढे चढाचं नाव काढायची सोय नव्हती. टॅक्सीवाले घाट म्हटलं की लांबूनच हात जोडत. धाकटी या वयात गाडी शिकली, परीक्षेला बसली, पासही झाली. पण लायसन इतकं ताजं की भाड्याने गाडी देणारे ते बघून हसले. कोरी गाडी नोंदवली तर ती येणार पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीचं बोलायला दोघींनाही धीर नव्हता.

एवढं असूनही ताई नको म्हणत होती. ती हट्टी होती, पण या नकाराचं मूळ खोल होतं.

लॉन्ड्री बाबांची. दोघी शाळेत असताना वर्गातल्या मुली ताईच्या फ्रॉकला हात लावून विचारायच्या, "आज कुठल्या गिऱ्हाइकाचा घातलास?" एकदा ताई रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकानातून फ्रॉक आणला आणि गळ्यामागचं दुकानाचं लेबल कापू दिलं नाही. ते लेबल वर्षभर तिच्या मानेला टोचत राहिलं आणि तीही मान ताठ ठेवून चालत राहिली. तेव्हापासून घरचा नियम ठरला: दिवसभर हात जगाच्या कपड्यांत असतील तर असोत, पण दुसऱ्याने वापरलेली वस्तू उंबऱ्याच्या आत यायची नाही. बाबा गेले तरी नियम राहिला. घरातली खुर्ची कोरी, पातेलं कोरं, पायपुसणंसुद्धा कोरं.

"बरं, नुसती बघायला तर चल," धाकटी म्हणाली. "बघितल्याने विटाळत नाहीस तू."

दुपारी दोघी गेल्या. जुन्या गाड्यांचं मोकळं अंगण होतं. गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि उन्हात त्यांच्या काचा झोपाळलेल्या डोळ्यांसारख्या चमकत होत्या. गाडीवाला सज्जन वाटला. लपवाछपवी काही नाही.

"भाड्याचीच होती मावशी, कागदावरच आहे तसं. तुमचा मेकॅनिक आणा, दाखवा, मग बोला."

मेकॅनिक धाकटीने आधीच आणला होता. तो गाडीखालून घसरत बाहेर आला आणि अंग झाडत म्हणाला, "कंपनीने तेलपाणी वेळच्या वेळी केलंय. आपली स्वतःची गाडीसुद्धा कुणी एवढी सांभाळत नाही. फक्त क्लच बिचारा थकलाय. येईल त्याने तुडवलाय. यांच्याकडून नवा बसवून घ्या आणि बिनघोर जा."

"बसवून देतो," गाडीवाला लगेच म्हणाला.

ताईने मागचं दार उघडलं, वाकली आणि सीटला नाक लावलं. कपडा हातात आला की आधी नाकाला, ही तिच्या हातांची नव्हे, नाकाची सवय. गाडीवाला चकित होऊन बघत राहिला.

"अत्तर मारलंय वरून," ताई उभी राहत म्हणाली. "किती जण बसून गेले असतील हो हिच्यात?"

"आता ते कसं सांगू, मावशी? रोजचा नवा माणूस."

"म्हणजे सगळ्या जगाची उष्टी."

आता मात्र धाकटीचा बांध फुटला. "ताई, तू देवापुढे बसून रोज काय म्हणतेस? हा देह आपला नाही, भाड्याचं घर आहे, मालकाने बोलावलं की रिकामं करायचं. म्हणतेस ना? मग स्वतः भाड्याच्या घरात राहतेस आणि या बिचारीलाच नावं ठेवतेस?"

मेकॅनिकला हसू आवरेना. तो पाना शोधायच्या निमित्ताने पलीकडे गेला.

ताई रागावली नाही. उलट थोडी ओशाळून तिने सीटवर हात फिरवला. मग तिच्यातली लॉन्ड्रीवाली बोलली. मळलेलं कापड बघून बाबा कधी मत द्यायचे नाहीत. डाग आहे की झीज, हे धुतल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी पाण्यात, मग बोलण्यात.

"धुवून बघते," ताई म्हणाली.

"घ्या की घरी आणि धुवा आरामात."

"घ्यायच्या आधी हो. धुतल्याशिवाय मी हो म्हणत नाही, नाहीसुद्धा म्हणत नाही."

गाडीवाल्याने धाकटीकडे बघितलं. धाकटीने खांदे उडवले. "आमच्याकडे असंच असतं."

"धुवा बुवा," तो हसत म्हणाला. त्याला वाटलं, ओलं फडकं फिरवतील.

क्लच बसला त्या दिवशी दोघी बादल्या, ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन हजर झाल्या. पदर खोचून ताई मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसली आणि तिने घासायला सुरुवात केली.

ज्यांनी जन्मभर कपडे धुतलेत त्यांना माहीत असतं, कापड कोरडं असताना गप्प असतं. पाणी लागलं की सांगू लागतं. अत्तर पहिल्याच पाण्यात निघून गेलं. त्याच्याखालून हळूहळू बाकीचं वर आलं. खिडकीजवळ समुद्राचा खारा वास, कुणीतरी ओल्या अंगाने बसलं होतं. मधे नासलेल्या दुधाचा आंबूस वास, म्हणजे मांडीवर तान्हं. पुढच्या सीटच्या पाठीजवळ दवाखान्यातल्या औषधाचा. एका कोपऱ्यात फुलांचा, सुकून गेलेला, लग्नाचा की शेवटच्या निरोपाचा ते ओळखू येईना.

ताईचे हात चालू होते आणि मन कुठच्या कुठे गेलं. तिला दिसू लागलं, एक आई तान्ह्याला छातीशी धरून बसलीय, कुणाला तरी पहिल्यांदा दाखवायला निघालीय. एक मुलगा दवाखान्यातून बापाला घरी नेतोय आणि खड्डा आला की आपणच 'आई गं' म्हणतोय. एक म्हातारी मांडीवर फुलं घेऊन खिडकीबाहेर बघतेय. सगळी माणसं एकाच वेळी गाडीत बसलेली आणि तरी कुणाची कुणाला दाटी होत नव्हती. ताईने मनात म्हटलं, देवा, एवढ्या सगळ्यांना कुठे रे जायचं होतं? आणि तिचा ब्रश थांबला. घरी बसायला कुणी भाड्याची गाडी घेत नाही. यातला प्रत्येक जण कुणाकडे तरी निघालेला होता. आपलं वाहन नव्हतं, तरी थांबला नव्हता.

"ताई, झोपलीस का?"

"नाही गं. ओत पाणी."

आणि इथे घोटाळा झाला. पाण्यातली माणसं बघण्यात ताईने भान ठेवलं नाही आणि ताईकडे बघण्यात धाकटीने. चादर धुवायची असती तर ठीक होतं, पिळून वाळत घातली असती. पण सीटच्या पोटात असतो स्पंज. बादल्याच्या बादल्या तो पिऊन बसला. दार उघडलं की पाण्याची धार बाहेर यायची.

गाडीवाला जेवून आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. "अहो मावशी! गाडी धुवायला सांगितली होती, बुडवायला नाही."

"आमचं चुकलं," ताई खरोखरच खाली मान घालून म्हणाली. "वाळवून देते. लॉन्ड्रीत नेऊ दे मला. आमच्याकडे गरम हवा आहे."

"आणि वाळल्यावर घेणार की नाही?"

"वाळल्यावर सांगते."

त्याने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती, पण असलं नाही. हसावं की रागवावं ते न कळून त्याने शेवटी चावी धाकटीच्या हातात ठेवली. "न्या. घरी सांगितलं तर बायकोचा विश्वास बसणार नाही."

लॉन्ड्रीच्या मागे कपडे वाळवायची लांबच लांब शेड होती. भिंतीकडेने गरम नळ गेलेले, आणि वर दोऱ्यांवर हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी. त्या चादरींच्या मधोमध गाडी उभी राहिली, चारी दारं उघडी टाकून. गरम वाऱ्याने चादरी तिच्या टपावरून हळूच सरकायच्या, मागे जायच्या. संध्याकाळी ताई चहाचा कप घेऊन तिकडे आली तर क्षणभर तिला कळेचना, आपण कुठे आलोय. चादरी हलत होत्या, गाडी मात्र जागची हलत नव्हती आणि तरी वाटत होतं, तीच चालतेय, कुठल्यातरी पांढऱ्या गावांमधून, आवाज न करता.

तिने सीटला हात लावून पाहिला. कोमट होती. वाकून वास घेतला. आता कशाचाच नव्हता, नुसत्या धुतलेल्या कापडाचा. तशी ती आत जाऊन बसली. कप गुडघ्यावर ठेवला.

फोन वाजला. वहिनीचा.

"ताई, दादांच्या कानाशी धरते हं. आज सकाळपासून काही घेतलेलं नाही त्यांनी. तुम्ही बोला, तुमचं ऐकतात."

ताई बोलायला लागली. कुठली चादर फाटली, धाकटीने इस्त्री कशी चालूच ठेवली, गाडी कशी बुडवली. गाडीचं सांगताना ती स्वतःच हसली. पलीकडे काहीच नाही. 'आ' आला नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता, लांब, खरखरीत, जसा कुणी चढावर थांबून घेतो.

"दादा?"

श्वास.

"दादा, मी येतेय," ताई म्हणाली. आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. "ऐकलंस का? येतेय मी. काहीतरी खाऊन घे, मी आले की भांडायला अंगात जोर लागेल तुझ्या."

तिकडून खूप वेळाने, खोल विहिरीतून यावा तसा, आवाज आला. 'आ'.

चादर बाजूला सारून धाकटी आत डोकावली. ताई मागच्या सीटवर बसलेली, डोळे वाहतायत, कपातला चहा तसाच.

"कुणाला येतेय म्हणालीस? आणि कशाने?"

"गाडीवाल्याला फोन लाव. म्हणावं, घेतली."

"आणि बाबांचा नियम?"

ताईने गुडघ्यावरचा कप खाली ठेवला. "बाबांना मान ताठ हवी होती माझी. ताठ मान घेऊन मी दादाला गमावून बसले असते, तर त्यांनी मला उंबऱ्यात घेतलं नसतं." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "उभी काय राहिलीस? सकाळी निघायचंय. आणि हळू चालव."

"हळूच चालवते मी. मागचे हॉर्न वाजवतात."

"वाजवू देत. त्यांना सांग, मागे ताई बसलीय."

घाट धाकटीने दात आवळून चढवला आणि ताईने डोळे मिटून, देवाचं नाव घेत. खचलेल्या वळणावर तर दोघींपैकी कुणीच श्वास घेतला नाही. पलीकडे उतरल्यावर सपाट रस्ता लागला, दोन्ही बाजूंना शेतं, आणि ऊन असं मऊ पसरलेलं की धाकटीला वाटलं, आपण चालवत नाही, रस्ताच आपल्याला अंगाखालून पुढे सरकवतोय.

वहिनी फाटकात उभी होती. तिच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत दादा. केवढासा झाला होता. ताई उतरली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तसाच धरून ठेवला. दादाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तो हसत होता.

"आत चला, सकाळी त्यांनी वाटीभर पेज घेतली," वहिनी म्हणाली.

पण दादा आत जाईना. चांगला हात उचलून त्याने गाडीकडे बोट केलं.

"अहो, आत्ता कुठे? दमल्यात त्या."

बोट गाडीकडेच.

तिघींनी मिळून त्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. ताई आणि वहिनी मागे. धाकटीने विचारलं, "कुठे जायचं, दादा?"

दादाने समोर बघितलं. हात उचलून उजवीकडे केला. धाकटी उजवीकडे वळली. शेतं मागे पडली, तळं आलं. हात डावीकडे झाला. ती डावीकडे वळली. झाडांच्या सावल्या त्याच्या तोंडावरून सरकत होत्या, एक गेली की दुसरी. वहिनी हळूच म्हणाली, "या रस्त्याने काहीच नाहीये हो पुढे." दादाचा हात पुन्हा उठला, सरळ, पुढे.

"तो म्हणतोय ना, मग जाऊ या," ताई म्हणाली आणि मागून हात पुढे करून तिने त्याच्या खांद्यावर ठेवला.