उसवलेली बाही

"एकट्यासाठी लशीची बाटली उघडता येत नाही हो बाबा," आरोग्य केंद्रातली सिस्टर पुन्हा तेच म्हणाली. "एकदा उघडली की आजच संपवायची, उरलं ते फेकायचं. दहा जण घेऊन या."

म्हाताऱ्या वेल्डरचं डोकं भडकलं. लस फ्रीजमध्ये, हा दारात, आणि मध्ये हा नियम. जन्मभर धूर पिऊन त्याच्या छातीचा फाटका भाता झाला होता. गेल्या थंडीत करोनाचा बूस्टर आज घेऊ, उद्या घेऊ करत तो राहिला आणि नाकात नळी घालून इस्पितळात पडला. सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर ही छाती साथ देणार नाही. आणि थंडी तर तोंडावर आली होती.

हाता-पाया पडून त्याने गल्लीतले म्हातारे-म्हाताऱ्या गोळा केले. कोणाचे गुडघे, कोणाची झोप, कोणाचा रुसवा. शेवटी एकच माणूस कमी पडला, म्हणून तो शिंपी मास्तरच्या दुकानात शिरला.

"मागच्या खेपेला घेतला होता की मी," मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणाला. "तरी तापाने फणफणलोच. काय उपयोग झाला?"

"घरीच फणफणलास ना? सुनेला चहा सांगत लोळत होतास. मी तिकडे श्वासासाठी तडफडत होतो."

"तुझं नशीब फुटकं, त्याला मी काय करू?"

"नशीब कसलं डोंबलाचं! तोंडासमोर काच धरली तरी हाताला ठिणगी बसतेच. म्हणून काच फेकतो का कोणी? डोळे वाचतात ना!"

"मग एकदा धरली ना काच? झालं तर."

"तीही खराब होते, बदलावी लागते. आपल्या वयात लशीचा जोर लवकर ओसरतो, सिस्टरनेच सांगितलंय. ऊठ आता, सगळे खोळंबलेत."

मास्तर कुरकुरत उठला. बाहेर जायचं म्हणून ठेवणीतला, स्वतः शिवलेला शर्ट चढवला.

केंद्रात सगळे दंड उघडे करून बाकावर बसले. सिस्टरने बाटली हातात घेतली आणि मास्तरकडे पाहिलं. त्याची बाही कोपराच्या वर सरकेना. अंगासरशी बेतलेली, चिमटीत धरायलाही कापड नाही.

"शर्ट काढा, मास्तर."

"एवढ्या बायकांसमोर? छे! जातो मी घरी." सुटका झाल्यासारखा तो उठलाच.

"उद्या या मग सगळे," सिस्टरने बाटली परत ठेवायला घेतली.

"उद्या माझी पाठ धरेल," एक आजी लगेच म्हणाल्या.

वेल्डर दारात आडवा उभा राहिला. ओरडायचं होतं, पण खोकल्याची अशी उबळ आली की भिंत धरावी लागली. मास्तर त्याच्या वर-खाली होणाऱ्या खांद्यांकडे बघत राहिला.

"उसव," वेल्डर कसाबसा म्हणाला.

"माझ्या हातची शिवण आहे रे ती."

"मग तुझ्याच हाताने उसव."

मास्तरने खिशातली चिमुकली कात्री काढली. तोंडाने शिव्या चालू, हाताने खांद्याचा एकेक टाका. बाही लोंबली, आतला पांढरा दंड उघडा पडला. सिस्टरने बाटलीचं टोपण काढलं.

"ताप आला ना, तर तुझ्याच दारात येऊन झोपेन," सुई टोचून घेताना मास्तर म्हणाला.

"ये," वेल्डर स्वतःची बाही वर करत म्हणाला. "नुसत्या तापावर निभावलं तर खुशाल ये."