डावखुरी धार

शहाळं फोडता फोडताच तो गेला. गाडीपुढे गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं कोयता उचलला आणि तसाच खाली बसला. कोयता फुटपाथच्या दगडावर आपटला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बायकोनं मान हलवली, आज ढगाळ आहे म्हटल्यावर कुणीही हलवतं तशी.

ती रडली नाही. नणंदेनं गदागदा हलवून पाहिलं. शेजारणी कुजबुजल्या, दगड झालीय. तिनं ते ऐकलं आणि तिला ते खरंच वाटलं.

गाडीवरची शहाळी सुकायला लागली, तेव्हा एका सकाळी तिनं गोणपाटातून कोयता काढला. धारेच्या मधोमध टवका उडाला होता. त्यात नख मावत होतं.

धाकटा दीर गॅरेजमध्ये कामाला होता. तो म्हणाला, "वहिनी, द्या इकडं. मशीनवर धरला की झालं."

"मशीनवर तापतो, भावजी. निळा पडला की पोलाद मऊ होतं. ते कधी लावू द्यायचे नाहीत."

तिनं कोयता स्वयंपाकघरातल्या टेबलाला दोन शिकंज्यांनी आवळला आणि कानस धरली. एका दिशेनं ढकलायची, उचलायची, पुन्हा ढकलायची. लोखंडाचा कीस पायांवर पडत होता. हात दुखत असावेत, पण ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे दुखत होते.

या कोयत्याला एकाच बाजूनं उतार होता, उजव्या हाताला साजेसा. ती डावखुरी. कधी गाडीवर उभी राहिली की पातं शहाळ्यावरून बाजूला घसरायचं. नवरा हसायचा, "तुझ्या हातात आला की हा माहेरी पळतो."

टवका निघाला तरी ती थांबली नाही. जुना उतार पुरता जाईपर्यंत तिनं धार मागे घेतली. मग शिकंजे सैल केले, कोयता पालथा घातला आणि दुसऱ्या बाजूनं घासायला लागली.

दीर जवळ आला. "वहिनी, ही उलटी बाजू."

"माहीत आहे."

"अहो, दादाची धार मोडताय तुम्ही."

"दादा कुठं फोडणारेत आता?"

हात कुठं ठेवावेत ते त्याला सुचेना. आतल्या खोलीतून सासूबाई पाण्याचं भांडं घेऊन आल्या आणि त्यांनी ते टेबलावरच्या धारेच्या दगडाशेजारी ठेवलं.

"घासू दे तिला," त्या म्हणाल्या. "पोट काय उजव्या हातानंच भरतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं दगडावर पातं फिरवलं. धारेवर उरलेली लोखंडाची बारीक लव बोटाला लागली, तीही काढली. कोयता आता अरुंद दिसत होता. तिनं उरल्यातलं एक शहाळं घेतलं आणि डाव्या हातानं घाव घातला. पातं सरळ गेलं. सासूबाई पाणी प्यायल्या, ती पण प्यायली. त्या म्हणाल्या, गोड आहे. तिला काही चव लागली नाही.

नवी शहाळी आल्यावर तिनं गाडी लावली. पहिला आला तो नेहमीचा शिंपी. त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

"मालक कुठं आहेत?"

"गेले," ती म्हणाली. "पाण्याचं देऊ की मलईचं?"

शिंपी उभाच राहिला. थोड्या वेळानं तिनं स्वतःच एक पाण्याचं निवडलं.