तीन खोल्यांचा हीट पंप

घर बांधताना माणूस दमतो ते निवडून निवडून. फरशी कुठली, नळ कुठला, दाराच्या मुठी गोल की लांब. शेवटी शेवटी मी दुकानदाराला म्हणायचे, तुमच्या घरी जे लावलंय तेच द्या आणि सोडा मला. एकच गोष्ट होती जिच्यासाठी मी अंगात थोडा जीव राखून ठेवला होता, आणि ती म्हणजे माझी खोली गरम राहणं.

मी घरी कपडे दुरुस्त करून देते. कोटाची बाही आखूड करणं, चेन बदलणं, फाटलेलं अस्तर नवं लावणं. भाड्याच्या घरात हे सगळं जेवणाच्या टेबलावर चालायचं, कोणी जेवायला आलं की आवरायचं. नव्या घरात कोपऱ्यातली छोटी खोली माझ्या मशीनसाठी काढली होती. पण तिला ऊन लागत नाही, आणि थंडीत माझी बोटं अशी आखडतात की सुई हातात आहे की पडली, ते बघावं लागतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, उबेत बसून काम करा, नाहीतर काम सोडा. काम सोडून मी काय करणार?

त्या दिवशी हीट पंपवाला आला. घराला अजून दारं नव्हती, सगळीकडे ओल्या प्लास्टरचा वास होता. सासूबाई रंगाच्या पालथ्या डब्यावर शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्याने उभ्या उभ्याच समजावलं. बाहेर अंगणात एक मोठं मशीन बसतं, ते बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत पाठवतं. आत प्रत्येक खोलीत भिंतीवर एक युनिट. ज्याला जेवढं गरम हवं तेवढं त्याने आपापल्या खोलीत ठेवावं, भांडण नाही.

"पण तुमची वीजजोडणी बघितली," तो म्हणाला. "तिला तीनच युनिटांचं मशीन झेपेल. मोठ्याला जोडणी वाढवून घ्यावी लागेल, आणि तोवर थंडी संपलेली असेल. तर तीन खोल्या कुठल्या, तेवढं सांगा."

खोल्या चार. हॉल, सासूबाईंची, आमची आणि माझी.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणी 'हवं' म्हणत नाही. आधी 'नको' म्हणायचं. मग बाकीच्यांनी आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं, आणखी आग्रह झाला की नाइलाजाने घेतल्यासारखं घ्यायचं. पापडापासून पंख्यापर्यंत सगळं असंच चालतं. मी लग्न होऊन आले तेव्हा आठवडाभर अर्धपोटी होते, मग शिकले. हीट पंपवाल्याला हे कुठून ठाऊक असणार?

"माझ्या खोलीत नको बाई," सासूबाई म्हणाल्या. "माझं काय, शाल आहे."

त्याने खिशातून खडू काढला, त्यांच्या खोलीत गेला आणि भिंतीवर फुली मारून आला.

माझा नवरा धावलाच. "अहो, ती तसंच म्हणते. आई, काहीतरीच काय? या वयात थंडीत झोपणार?"

"नको रे."

"ते काही नाही. तुझ्या खोलीत बसवायचंच."

"तुम्ही ऐकणारच नसाल तर बसवा," सासूबाई म्हणाल्या. हीट पंपवाला परत आत गेला, तळहाताने फुली पुसली आणि गोल काढला.

मग नवरा म्हणाला, "आमच्या खोलीत नसलं तरी चालेल. मी काय, कुठेही झोपतो." आता सासूबाईंची पाळी. तो अंधारात उठून कामाला जातो, त्याचं अंग दुखतं, खोकला जुना आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं. दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा त्याने मान हलवली. तिथेही गोल निघाला.

मी म्हटलं, "माझ्या खोलीत नको. मी बसेन ओट्यापाशी."

आणि थांबले.

खडूचा आवाज आला. नवरा फोनमध्ये काहीतरी बघत होता. सासूबाई म्हणाल्या, "हो, स्वयंपाकघर तसं उबदारच असतं."

"मग तिसरं हॉलला," नवरा म्हणाला. "मिटलं."

मला राग यायला हवा होता, पण तेवढं त्राण नव्हतं. मी माझ्या खोलीत जाऊन उभी राहिले. फुली चांगली मोठी होती. खाली, मशीन जिथे ठेवायचं ठरवलं होतं तिथे, सिमेंटची रिकामी पोती पडली होती. हॉलमधून हीट पंपवाल्याचा आवाज आला, "बघा हं, एकदा भोक पाडलं की मग बदल नाही." ड्रिल घुर्रकन सुरू झालं.

मी बाहेर आले. "थांबा," मी म्हटलं. ऐकू गेलं नाही, म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला हवंय. माझ्या खोलीत."

ड्रिल बंद झालं.

"अगं, तूच तर नको म्हणालीस," नवरा म्हणाला.

"म्हणाले. तुम्हीही म्हणालात, आईही म्हणाल्या. तुम्हा दोघांना आग्रह झाला."

नवऱ्याला खरंच सुचलं नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

"मग कुठलं काढू?" हीट पंपवाल्याने विचारलं. आता तोही दमला होता.

"हॉलचं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि कोणी आलं तर?" नवरा म्हणाला.

"थंडी वाजली की वेळेवर जातील."

हीट पंपवाला त्यांच्याकडे बघत राहिला. "नक्की ना? की परत पुसायचं?"

"नक्की. हे खरं नको आहे."

तो माझ्या खोलीत गेला. सासूबाईंनी मला शेजारच्या डब्यावर बसवलं. ड्रिल चालू असेपर्यंत बोलता येत नव्हतं. ते थांबलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हवं होतं तर आधीच बोलायचंस."

"तुम्ही म्हणाल म्हणून थांबले होते."

त्यांनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि एकेक बोट चोळायला लागल्या. त्यांचेही हात काही गरम नव्हते.

"मीही थांबायचे," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई गेल्या, तुझे सासरे गेले. ज्यांच्या आग्रहासाठी थांबायचे ते कोणी राहिलं नाही, तरी मी आपली थांबतेच."

हीट पंपवाला हात पुसत बाहेर आला आणि त्यांच्या खोलीकडे वळला.

"अहो," सासूबाईंनी त्याला हाक मारली, "ते दाराच्या वर नका लावू. पलंग येणार आहे त्या बाजूला लावा. मला तिथे हवंय."

"पलंगाच्या बाजूला? नक्की?"

"हवंय म्हटलं ना," सासूबाई म्हणाल्या. "परत विचारू नका."