वेगळी चूल

"पाकू तुमच्यात जेवते, की स्वतःचं वेगळं शिजवते?" धान्य-कार्डाच्या कचेरीतल्या सरकारी बाईनं फोनवर विचारलं, आणि पाकूच्या यीकाकूचं डोकंच फिरलं.

"वेगळं कशाला शिजवेल? आमची पोर आहे ती, भाडेकरू नाही." फोन पाकूच्या हातात कोंबत ती पुटपुटली, "काय एकेक विचारतात मेल्या."

 फ्रेस्नो शहरातल्या कॉलेजात पाकू नर्सिंग शिकत होती. शिकणाऱ्यांना सरकारी धान्य-कार्ड हवं तर आठवड्याला वीस तास काम लागतं. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालून तिनं ते भरले होते. पण एका भांड्यात जेवणारे सगळे एक कुटुंब, असा कायदा. काकूचा कोंबडी-कारखान्यातला पगार तिच्या अर्जात धरला गेला आणि नकाराचं पत्र आलं.

काकांचा हात यंत्रात गेल्यापासून घर त्या एका पगारावर चाललं होतं. पाकू दिवस पाण्यावर काढायची आणि घरी "कॉलेजात खाल्लं" म्हणून कमी वाढून घ्यायची. एके दिवशी ती वर्गातच चक्कर येऊन पडली. संध्याकाळी ती म्हणाली, "काका, मी कॉलेज सोडते. पूर्ण वेळ काम धरते."

चाशेंगकाका तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. ती नऊ वर्षांची असताना वडील गेले, तेव्हापासून त्यांनीच तिला वाढवलं. त्यांनी नकाराचं पत्र तिच्यापुढे ठेवलं.

"वेगळं शिजवलंस तर कार्ड मिळेल?"

"मिळेल. नुसतं तसं सांगून टाकू ना. कोण बघायला येतंय?"

"खोटं बोलायचं नाही. उद्यापासून तुझं भांडं वेगळं."

"भावाच्या पोरीची चूल वेगळी करता?" काकू रडायला लागली. "लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. पोर उपाशी तर राहणार नाही."

दुसऱ्या अर्जाच्या वेळी फोन काकांनीच घेतला. "ती आमच्यात जेवत नाही," ते म्हणाले. बाईनं "नक्की?" विचारलं. "नक्की," म्हणून ते तडक परसात गेले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत.

कार्ड आलं. पाकूला चक्कर येणं थांबलं, मार्कही वाढले. सगळे मधल्या भाताभोवती बसले, की ती ओट्यापाशी आपला वाडगा घेऊन उभी राहायची. एकदा तिनं डुकराच्या मटणाचा रस्सा सगळ्यांसाठी आणून ठेवला. "तुझं भांडं वेगळं," म्हणत काकांनी तो तिच्याकडे परत सरकवला. पोरीला घास गोड लागेना.

मग त्यांच्या हमोंग जमातीचं नववर्ष आलं. त्या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांना जेवायला बोलवायचं. काकांनी चमच्यात भात-कोंबडी घेतली आणि एकेका पूर्वजाला हाक मारली. शेवटी भावाचं नाव घेतलं.

"दादा, ये. जेव. तुझी पोरगी..."

दरवर्षी हे वाक्य ते असं पुरं करायचे, "तुझी पोरगी आमच्या भांड्यात जेवते, काळजी करू नकोस." यंदा ते खोटं ठरलं असतं.  काकूनं तोंडाला पदर लावावा तसा ओढणीचा काठ लावला.

ओट्यापाशी उभ्या पाकूनं वाडगा खाली ठेवला.

"मी इथेच जेवते, बाबा," ती म्हणाली. "ह्यांच्याच भांड्यात."

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मेलेल्या भावापुढे पोर त्यांच्यासाठी खोटं बोलली होती. त्यांनी भात खाली ठेवला आणि भावाची माफी मागितली.