पाठ झालेला तक्ता

मी डोळे तपासायचा तक्ता बोलतोय. वर एक भलंमोठं 'ग', खाली ओळीओळीने लहान होत जाणारी अक्षरं आणि तळाशी तर मुंगीएवढी. सध्या गुंडाळी होऊन वर्गातल्या कपाटावर पडलोय, म्हणून आवाज जरा दबका येईल.

छापखान्यातून आलो तेव्हा काय माझी ऐट! काम एकच, पण मानाचं : कोणत्या मुलाला लांबचं दिसत नाही ते सांगायचं. तपासणी झाली की मला आत ठेवायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या, "भिंत ओकीबोकी दिसते, राहू दे वर्षभर." झालं! खिळ्याला लटकलो तो लटकलोच.

वर्गात एक मुलगी होती. अखंड बडबड, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. मुलींच्या फुटबॉल संघात गोल सांभाळायची. मधल्या सुट्टीत डबा तसाच टाकून ती माझ्यापाशी यायची, अगदी नाक टेकवून एकेका अक्षरावरून बोट फिरवायची. बाकीची पोरं मला खडू फेकून मारायची आणि ही अशी! मी भाबडा, हुरळून गेलो. वाटलं, हिचा माझ्यावर जीव आहे.

फळ्याकडे बघताना ती डोळे बारीक करायची. नाहीतर शेजारणीच्या वहीत डोकावायची. बाई खेकसायच्या, "समोर एवढा फळा असताना तिच्या वहीत काय तोंड घालतेस?"

एकदा तिची आई न्यायला आली. "घरी टीव्हीला नाक लावून बसते हो. आणि अभ्यास म्हटलं की डोकं दुखतं!"

"नाटकं सगळी," बाई हसल्या. "पुस्तक तर धडाधड वाचते. डोळ्यांना काय धाड भरलीय?"

दोघी माझ्याच खाली उभ्या होत्या. जवळचं दिसतं म्हणून लांबचंही दिसतं, असं थोडंच असतं! पण तक्त्याला कोण विचारतो?

मी मनात म्हटलं, येऊ दे तपासणी, मग कळेल सगळ्यांना. नर्सबाई आल्या. टिटवी खडूच्या रेघेवर उभी राहिली, एक डोळा तळहाताने झाकला आणि वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून मोकळी झाली.

"शाब्बास! घारीची नजर आहे गं तुझी!"

जागेवर परतताना ती मैत्रिणीच्या कानात कुजबुजली, "सगळं पाठ केलंय. चष्मा लागला तर गोलमध्ये कोण उभं करणार मला?"

केसाने गळा कापला हो माझा! ते बोट फिरवणं, ते रोज येणं, सगळं एवढ्यासाठी? माझ्याच तोंडून माझ्याच कामाविरुद्ध खोटं वदवून घेतलं पोरीने.

आणि मिळालं काय? बॉल अंगावर येईपर्यंत तिला दिसेना. संघ हरत गेला, मुली तिला 'आंधळी' म्हणायला लागल्या आणि गोलमध्ये दुसरीच उभी राहिली. टिटवी मागच्या बाकावर गप्प बसायला लागली.

पुढच्या वर्षी भिंती रंगवल्या. शिपाईकाकांनी घाईघाईत मला उलटा टांगला, मोठं 'ग' तळाशी आणि मुंगीएवढी अक्षरं वर. नर्सबाई पाठमोऱ्या होऊन पिशवी उपसत होत्या. टिटवी उभी राहिली, डोळा झाकला आणि गेल्या वर्षीसारखीच सुरू, "ग..."

वर्ग खो खो हसत सुटला. नर्सबाई वळल्या. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि खाली बसून तिचा हात धरला. "बाळ, तक्ता उलटा आहे हेसुद्धा दिसलं नाही तुला?"

टिटवीला रडू फुटलं.

आईला बोलावलं. नंबर बराच वाढला होता. "मला वाटलं, नाटकं करते," आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाई मात्र माझ्यावर घसरल्या, "हा तक्ताच जुना. पोरांना पाठ झालाय!" वर्षभर टांगलं कुणी, ते विसरल्या.

आता टिटवी चष्म्याला पट्टा बांधून पुन्हा गोल सांभाळते म्हणे. चांगलं झालं, माझं काही म्हणणं नाही. पण वर्गात येते-जाते आणि एकदाही वर बघत नाही. आता तर तिला मी स्वच्छ दिसत असणार.

माझ्या खिळ्यावर नवा कोरा तक्ता आलाय. तोही वर्षभरासाठी. आज मधल्या सुट्टीत एक चिमुरडी डबा टाकून त्याच्याजवळ गेली. नाक टेकवून एकेका अक्षरावरून बोट फिरवतेय, ओठ हलताहेत. तो बिचारा किती खूश झाला असेल!

अहो, बाई, तक्त्याकडे नका बघू. त्या पोरीकडे बघा!